झुल्मिराचे केस

आधी पाव जळले.
चाळीस वर्षं भट्टीपाशी काढलेल्या बाईला
करपल्याचा वास आला नाही.
गिऱ्हाईक दारातून ओरडलं, झुल्मिरा, धूर!
ती म्हणाली, कुठाय?
धुरातच उभी राहून.

मग डावा डोळा अंधुक झाला.
मग पोर्तोच्या इस्पितळातलं ते ठोकाठोक करणारं यंत्र,
आणि पडद्यावर
कवटीला आतून चिकटलेल्या दोन गाठी.
"मोठी अक्रोडाएवढी," डॉक्टर म्हणाली.
"अक्रोड आमच्या डोंगरात होत नाहीत," झुल्मिरा म्हणाली,
"चेस्टनट म्हणा."

डॉक्टर हसली नाही.
"लहानपणी डोक्याला काही झालं होतं?"
"नाही."
"किरण वगैरे दिले होते?"
"नाही."
मी शेजारी, टोपी मांडीवर.
मला माहीत होतं.

खवडे.
साठ वर्षं आमच्या घरात
हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.
शाळेत मास्तर पट्टीच्या टोकानं
तिचा रुमाल उचलून बघायचे, मग पट्टी पुसायचे.
आईनं व्हिनेगर लावलं, गंधक लावलं, डुकराची चरबी लावली,
चॅपेलमध्ये मेणाचं डोकं वाहिलं.
शेवटी कोंबड्या विकून बसचं भाडं केलं.
मला ठेवायला कुणी नव्हतं
म्हणून मीही गेलो. पाच वर्षांचा.

एक उंच स्टूल.
नर्सनं जांभळ्या पेन्सिलीनं तिच्या डोक्याचे भाग पाडले,
आई वड्या पाडायची तसे.
कपाळावर शिशाचा पत्रा.
"हलायचं नाही," म्हणाले,
आणि सगळी मोठी माणसं खोलीबाहेर आली.
दार लावलं.
आत ती सात वर्षांची.
भिंतीपलीकडून मधमाश्यांसारखं काहीतरी.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, दुखलं?
"नाही. त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडे."

तिसऱ्या आठवड्यात केस मुठीमुठीनं आले,
उरलेले मेण लावून ओढून काढले.
तेव्हा मात्र ती किंचाळली, कुत्रीसुद्धा पळाली.
आणि मग, वसंत संपता संपता,
नवे केस.
दाट, कुरळे, तांबूस.
आई तिला ओट्यावर बसवून विंचरायची,
घरात नाही, ओट्यावरच,
सगळ्या गल्लीला दिसेल असं.
एकदा विंचरता विंचरता रडली.
तिला इतकं सुखी मी
नंतर कधी पाहिलं नाही,
माझ्या लग्नातसुद्धा नाही.

दोन-तीन वर्षांतच त्यावर गोळी निघाली.
गोळी. पाण्याबरोबर घ्यायची.

मी डॉक्टरांना सांगितलं. सगळं. पेन्सिलीचा रंगसुद्धा.
डॉक्टर भरभर लिहीत होती.
झुल्मिरा माझ्याकडे बघत होती,
मी केसानं तिचा गळा कापल्यासारखी.
"त्या काळी हाच उपाय होता," डॉक्टर म्हणाली,
"पुष्कळ मुलांना दिला."
कुणावर खापर फोडावं असं
त्या वाक्यात काही नव्हतं.
मी शोधलं. अजूनही शोधतो, रात्री.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
एका पोरसवदा नर्सनं तिचं डोकं भादरलं.
पांढरे झाले होते केस, पण अजून कुरळे.
खाली मेणकापडावर पडत होते,
आवाज न करता.
झुल्मिरानं हात मागे नेऊन
मोकळ्या टाळूवरून फिरवला,
खपल्या चाचपाव्यात तसा.
"आईला सांगू नकोस," म्हणाली.
आई जाऊन एकवीस वर्षं झाली.
मी म्हणालो, नाही सांगत.

दिवे मंद केले तेव्हा
मला वाटलं झोपली.
"आदेरितु, तूही एकदा डोकं दाखवून घे.
तू दाराशी होतास."
"दार बंद होतं."
"लाकडी होतं," ती म्हणाली.